‘गेट’चे अर्थ पाठ करू नका, त्याच्या पुढचा शब्द बघा

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळची इंग्रजी बोलायची बॅच घेतो मी, आणि एकच चूक रोज कानावर येते म्हणून शेवटी हे बसून लिहितोय. पोरं डिक्शनरी उघडतात, जी-ई-टी गेट काढतात, खाली मारुतीच्या शेपटासारखी अर्थांची यादी बघून घाबरतात आणि त्यातला पहिला ‘मिळणे’ तेवढा धरून बसतात. मग ‘इट्स गेटिंग डार्क’ ऐकलं की अडतात, आणि बोलताना तर उलटंच, मराठीत जिथं जिथं ‘झालं’ दिसतंय तिथं तिथं गॉट घुसवतात: आय गॉट लेट, आय गॉट पास्ड, क्लास गॉट ओव्हर. तिन्ही चुकीची. यादी पाठ करून हे सुटत नाही, क्रम लावून शिकलं तर महिन्याभरात सुटतं. खालचे टप्पे त्याच क्रमानं करा, मधला गाळू नका, चौथा आणि सहावा तर अजिबात नको.

तयारी: आधी आपलं ‘लागणे’ बघा

कोरा कागद घ्या आणि वर ‘लागणे’ लिहा. आता आठवेल तेवढं खाली लिहीत जा. भूक लागली. नोकरी लागली. फोन लागला. पायाला लागलं. गाडी लागते म्हणून खिडकीशेजारी बसलो. सवय लागली. दार लागलं. पोरगं रडायला लागलं. तास लागला.

ह्यातला एक तरी अर्थ तुम्ही शाळेत पाठ केला होता का? नाही. ‘लागणे’च्या आधी भूक आहे, फोन आहे का तास आहे ते कान धरतो आणि अर्थ लागतो (बघा, इथं पण लागलाच). गेटचं अगदी असंच आहे, फरक एवढाच की आपलं क्रियापद शेवटी येतं म्हणून आपण आधीचा शब्द बघतो आणि इंग्रजीत ते मधे येतं म्हणून पुढचा शब्द बघायचा. माझं सगळं सांगणं एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे.

मग वहीची सहा पानं सोडा आणि प्रत्येकावर एक मथळा टाका: मिळालं, झालं, पोचलो, करून घेतलं, करायला मिळालं, जोडशब्द. गेट असलेलं कुठलंही वाक्य दिसलं की ते ह्यातल्या एका पानावर गेलं पाहिजे.

सावधान: ‘लागणे’ आणि ‘गेट’ एकमेकांचं भाषांतर नाहीत, फक्त वागायची तऱ्हा सारखी आहे. नोकरी लागली म्हणजे ‘आय गॉट अ जॉब’ आणि फोन लागला म्हणजे ‘आय गॉट थ्रू’, हे जुळतं. पण तास लागला म्हणजे ‘इट टुक ॲन अवर’ आणि रडायला लागला म्हणजे ‘ही स्टार्टेड क्राइंग’, तिथं गेट नाही.

टप्पा १: रूपं पक्की करा

आज गेट, काल गॉट, हॅवच्या पुढं पण गॉट. अमेरिकन माणूस हॅवच्या पुढं बऱ्याचदा ‘गॉटन’ म्हणतो, ते ऐकून गोंधळू नका, तुम्ही गॉटच म्हणा. गेटिंग लिहिताना टी दोनदा. उच्चार आखूड ठेवा, कंपाउंडच्या दाराला आपण गेट म्हणतो त्यातला ए लांब आहे, ह्यातला झटक्यात संपतो.

एक जोडी मात्र आत्ताच लिहून घ्या. ‘आयव्ह गॉट अ बाइक’ म्हणजे माझ्याकडं गाडी आहे. ‘आय गॉट अ बाइक’ म्हणजे मला गाडी मिळाली किंवा मी घेतली. पहिल्यात गॉट आहे म्हणून तो भूतकाळ होत नाही, तो आत्ताचा ‘आहे’ आहे. मुलाखतीत ‘आय गॉट टेन इयर्स एक्स्पीरियन्स’ म्हणणारे लई बघितलेत, तिथं सरळ ‘आय हॅव’ म्हणा, काही बिघडत नाही.

टप्पा २: गेटवर बोट ठेवा आणि पुढं सरका

वाक्य लिहा, गेटवर बोट ठेवा, पुढच्या शब्दावर सरका आणि फक्त एवढं विचारा की हा शब्द कसला आहे.

वस्तू असली तर मिळालं, आणलं, घेतलं. ‘गेट अ टिकेट.’
गुण किंवा अवस्था असली तर झालं. ‘गेट अँग्री.’
जागा असली तर पोचलो. ‘गेट होम.’
वस्तू आणि तिच्या पुढं क्रियापदाचं तिसरं रूप असलं तर करून घेतलं. ‘गेट द टायर चेंज्ड.’
‘टू’ आणि मग क्रियापद असलं तर करायला मिळालं. ‘गेट टू प्ले.’
अप, ओव्हर, थ्रू असलं एखादं बारकं काही असलं तर जोडशब्दाचं पान.

पुढं माणूस आला (मी, हिम, माय ब्रदर) तर तिथं थांबायचं नाही, आणखी एक शब्द पुढं जायचं. ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे मला पाणी आणून दे. ‘गेट हिम टू साइन’ म्हणजे त्याच्याकडनं सही करून घे. माणूस तोच, पण त्याच्या पुढं काय आहे त्यावर पान बदललं.

तपासा: दहा वाक्यांतली आठ योग्य पानावर गेली तर पुढं चला. नाहीतर हाच टप्पा आणखी दोन दिवस.

टप्पा ३: वस्तू पुढं आली

हे बहुतेकांना येतं म्हणून पटपट जाऊया. पत्र मिळालं, मार्क मिळाले, सुट्टी मिळाली, सगळ्याला गॉट चालतं. विकत घेणं पण ह्यातच येतं: महाद्वार रोडवरनं चप्पल घेतलीस आणि मित्रानं विचारलं कुठनं घेतलीस, तर ‘व्हेअर डिड यू गेट दीज?’ असंच विचारतात, बाय म्हणायची गरज पडत नाही. बस पकडणं: ‘आय गेट द सेव्हन ओक्लॉक बस.’ आजार: ‘आय गॉट मलेरिया.’ समजणं पण ह्याच पानावर, कारण विनोद ‘मिळाला’ म्हणजे कळला: ‘आय डिडंट गेट द जोक.’

आता दोन खोड्या. आपल्याकडं फोनवर सर्रास ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ म्हणतात, कारण मराठीत आपण ‘मला समजत नाहीये’ म्हणतो आणि त्या ‘नाहीये’चं आयएनजी होतं. समजणं ह्या अर्थानं गेटला इथं आयएनजी लावू नका, आणि माणूस समजत नसतो, त्याचं बोलणं समजत नसतं. म्हणून ‘सॉरी, आय डिडंट गेट दॅट.’

दुसरी खोडी एका बारक्या ‘अ’ची. ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली. ‘आय गॉट कोल्ड’ म्हणजे थंडी वाजायला लागली. पहिलं वस्तूच्या पानावर, दुसरं अवस्थेच्या. एक ‘अ’ विसरला की डॉक्टर औषधाऐवजी स्वेटर घाला म्हणेल.

टप्पा ४: ‘झालं’, सगळ्यात जास्त चुका इथं

इथं वेळ काढा. गेटच्या पुढं गुण आला की अर्थ होतो ‘तसं होणं’. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे मी दमलोय, आत्ता, आहे तसं. ‘आय गेट टायर्ड’ म्हणजे मी दमतो, आधी नव्हतो मग होतो. मराठीत ‘आहे’ आणि ‘होतं’ ह्यात जो फरक आहे तोच इथं आहे, एवढं धरलं की डार्क, हॉट, रेडी, वेट, बेटर, अँग्री सगळे एका दोरीत ओवले जातात. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की ‘द रोड्स आर गेटिंग वेट’ एवढ्यावर भागत नाही, पण ‘थिंग्ज आर गेटिंग वर्स’ म्हणता येतं.

आता खरी गोम. गेट म्हणजे होणं, हे खरं. पण प्रत्येक ‘होणं’ म्हणजे गेट, हे खोटं. एकेक घेऊ.

‘मला उशीर झाला.’ ‘आय गॉट लेट’ नाही, ‘आय वॉज लेट’ किंवा आत्ता पळत असाल तर ‘आय ॲम लेट’. मात्र रात्र व्हायला लागली, निघूया, अशा अर्थाचा उशीर असेल तर ‘इट्स गेटिंग लेट’ बिनधास्त म्हणा. वेळेला उशीर होतो तिथं गेट, माणसाला उशीर होतो तिथं नाही.

‘भाऊ डॉक्टर झाला.’ इथं ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणालात तर गेटच्या पुढं वस्तूच्या जातीचा शब्द आला, म्हणजे पान बदललं, आणि अर्थ झाला त्याला डॉक्टर मिळाला! म्हणून ‘ही बिकेम अ डॉक्टर’. पुढं पद, पेशा असं नाव असलं की बिकम.

‘मुलगी झाली.’ ‘वी हॅड अ बेबी गर्ल.’

‘लग्न झालं.’ ‘गॉट मॅरिड’ बरोबर, आणि कुणाशी झालं ते ‘टू’नं सांगायचं, ‘विथ’नं नाही. पण ‘तुमचं लग्न झालंय का’ ह्याला ‘डिड यू गेट मॅरिड?’ नको, तिथं अवस्था विचारताय, ‘आर यू मॅरिड?’

‘मॅच संपली’ म्हणजे ‘द मॅच इज ओव्हर’. गॉट ओव्हर म्हणजे दुसरंच काहीतरी, ते आठव्या टप्प्यात.

आता ‘पास झालो’. ‘आय गॉट सिलेक्टेड’ बरोबर आहे आणि ‘आय गॉट पास्ड’ चूक, हे पोरांना पटत नाही, कारण मराठीत दोन्हीकडं ‘झालं’च आहे. ह्यावर माझी एक चाचणी आहे: ते काम दुसऱ्या कुणी केलं का ते विचारा. निवड दुसऱ्यानं केली, बदली दुसऱ्यानं केली, दंड दुसऱ्यानं केला, म्हणून गॉट सिलेक्टेड, गॉट ट्रान्सफर्ड, गॉट फाइन्ड. पास तुम्ही स्वतः झालात, पडलात स्वतः, नापास स्वतः, म्हणून नुसतं ‘आय पास्ड’, ‘आय फेल’ (एफ-ई-एल-एल, म्हणजे पडलो), ‘आय फेल्ड’. लायसन्सची मुदत पण आपोआप संपते, ‘माय लायसन्स हॅज एक्स्पायर्ड’. ‘गॉट हॅपन्ड’ तर कुठंच नाही. स्टक आणि लॉस्ट हे दोन ह्या चाचणीत बसत नाहीत, ते गुणांसारखे वागतात, ‘वी गॉट स्टक इन ट्रॅफिक’ बरोबरच आहे.

सावधान: ‘आय गॉट बोअर्ड’ म्हणजे मला कंटाळा आला. ‘आय गॉट बोअरिंग’ म्हणजे माझाच लोकांना कंटाळा यायला लागला. शेवटच्या ईडी आणि आयएनजीची अदलाबदल करू नका.

तपासा: गेल्या आठवड्यात तुमच्याबाबतीत जे जे ‘झालं’ त्याची दहा वाक्यं मराठीत लिहा आणि प्रत्येकापुढं गेट चालेल का नाही एवढंच लिहा. इंग्रजी नंतर करा.

टप्पा ५: जागा

‘गेट टू’ आणि मग गावाचं, ठिकाणाचं नाव: ‘वी गॉट टू पन्हाळा ॲट टेन.’ होम, हिअर, देअर ह्या तिघांच्या आधी ‘टू’ लागत नाही. ‘आय गॉट टू होम’ म्हणणाऱ्यानं शंभर वेळा ‘आय गॉट होम’ म्हणावं, दुसरा उपाय नाही.

चढणं-उतरणं पण इथंच. केएमटीच्या बसमधनं उतरताना ‘गेट डाउन ॲट रंकाळा’ म्हणतो आपण, कारण उतरणं म्हणजे डाउन असं डोक्यात बसलंय. बसला ‘गेट ऑफ’ म्हणा. ‘गेट डाउन’ म्हणजे खाली वाक, आडवा हो. कुठं ऑन-ऑफ आणि कुठं इन-आउट ऑफ ह्याला सोपी खूण: ज्यात उभं राहून चालता येतं (बस, रेल्वे, विमान) किंवा ज्यावर टांग टाकून बसता (सायकल, मोटारसायकल, घोडा) तिथं ऑन आणि ऑफ. ज्यात वाकून शिरता, कार किंवा टॅक्सी, तिथं इन आणि आउट ऑफ. रिक्षात वाकूनच शिरतो, म्हणून ‘गेट इन’.

टप्पा ६: दुसऱ्याकडनं करून घेणं

हा टप्पा कामाच्या ठिकाणी पैशाचा आहे. शिरोलीच्या एका फौंड्रीत काम करणारा माझा विद्यार्थी, त्याला बाहेरच्या गिऱ्हाइकाचा मेल आला: ‘प्लीज गेट द कास्टिंग्ज इन्स्पेक्टेड बिफोर डिस्पॅच.’ (कास्टिंग्ज म्हणजे ओतीव माल.) ह्यानं स्वतः मापं घेतली, सगळं नीट होतं, गाडी लावली. गिऱ्हाइकाला बाहेरच्या माणसाकडनं तपासणी करून हवी होती. माल थांबला, पुन्हा तपासणी झाली, मधे दिवस गेले. पोरगं हुशार आहे, कामात चूक नव्हती, ‘गेट’ आणि ‘इन्स्पेक्टेड’ ह्यांच्यामधे कास्टिंग्ज बसलंय हे तेवढं निसटलं.

क्रम असा: गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप. ‘आय गॉट माय बाइक सर्व्हिस्ड.’ गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतलं, केलं मेकॅनिकनं. केस कापले म्हणताना ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर स्वतः आरशासमोर कात्री घेऊन कापले असा अर्थ जातो, सलूनमधे गेला असाल तर ‘आय गॉट माय हेअर कट’. क्रम मोडून ‘आय गॉट कट माय हेअर’ करू नका, वस्तू मधेच पाहिजे.

माणसाचं नाव घ्यायचं असेल तर क्रम बदलतो: गेट, माणूस, टू, मूळ क्रियापद. ‘आय गॉट द मेकॅनिक टू चेक द ब्रेक्स.’ हा ‘टू’ लोक खातात, कारण मेकबरोबर आणि हॅवबरोबर तो नसतो: ‘मेड हिम चेक’, ‘हॅड हिम चेक’. अर्थातही फरक आहे. मेकमधे जबरदस्ती, हॅवमधे सांगितलं आणि त्यानं केलं, गेटमधे थोडं मागं लागून, पटवून करून घेतलं. आजोबांना दवाखान्यात जायला तयार केलं तर तिथं गेटच शोभतं.

दोन ठिकाणी मात्र ही चौकट ताणू नका. ‘आयल गेट द वर्क डन बाय फाइव्ह’ म्हणणारा माणूस काम स्वतःच उरकणार असू शकतो. आणि ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे बोट दारात सापडलं, कुणाकडनं मुद्दाम सापडवून घेतलं नाही.

तपासा: कामाच्या मेलमधे हा साचा दिसला आणि काम कुणी करायचं ते लिहिलं नसेल तर उत्तरात एका ओळीत विचारा: ‘हू शुड इन्स्पेक्ट देम?’ विचारण्यात कमीपणा नाही, इंग्रजांनासुद्धा विचारावं लागतं.

टप्पा ७: पुढं ‘टू’ आणि क्रियापद

‘वी गॉट टू सी द न्यू पॅलेस’ म्हणजे न्यू पॅलेस बघायला मिळाला. संधी मिळाली, आनंद आहे. पण ‘आयव्ह गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच पाहिजे. एकात मिळतंय, दुसऱ्यात भाग पडतंय, आणि मधला फरक फक्त त्या ‘हॅव’चा, जो बोलताना जवळजवळ गिळला जातो आणि मग ‘गॉटा’ असं ऐकू येतं. म्हणून संदर्भ ऐका: सांगणारा खूश आहे का घाईत आहे.

‘गेट टू नो’ म्हणजे हळूहळू ओळख होत जाणं. ‘काल कळलं की परीक्षा पुढं गेली’ ह्याला ‘आय गॉट टू नो’ नको, ‘आय फाउंड आउट’ किंवा ‘आय हर्ड’.

सवय लागण्यासाठी ‘गेट यूज्ड टू’, आणि ह्यातल्या टूनंतर मूळ क्रियापद येत नाही, आयएनजी येतं: ‘आय गॉट यूज्ड टू वेकिंग अर्ली.’

टप्पा ८: जोडशब्द, पण थोडे

शंभर जोडशब्दांचे तक्ते मिळतात, ते भिंतीला लावू नका, आठवड्याला पाच घ्या आणि प्रत्येकावर स्वतःच्या घरातलं वाक्य बनवा. मी सुरुवातीला हे देतो.

गेट अप म्हणजे अंथरुणातनं उठणं, नुसती जाग येणं म्हणजे वेक अप. पाचला जाग येऊन सातपर्यंत लोळत असाल तर दोन्ही शब्द लागतील. गेट ओव्हर म्हणजे दुःखातनं, आजारातनं सावरणं, म्हणूनच क्लास ‘गॉट ओव्हर’ होत नाही. गेट थ्रू म्हणजे फोन लागणं, परीक्षेतनं पार पडणं. गेट बॅक म्हणजे परत येणं, पण ‘आयल गेट बॅक टू यू’ म्हणजे तुम्हाला नंतर कळवतो, तो माणूस परत येणार म्हणून वाट बघत बसू नका. गेट अलाँग विथ म्हणजे जमणं, पटणं. गेट बाय म्हणजे आहे त्यात भागवणं. गेट रिड ऑफ म्हणजे काढून टाकणं. गेट अवे विथ म्हणजे चूक करून निसटणं, शिक्षा न होणं.

टप्पा ९: जिथं गेट लिहायचं नाही

अर्ज, बँकेला पत्र, विद्यापीठाला विनंती, अशा ठिकाणी गेट चूक नाही, पण सैल वाटतं. तिथं मिळालं म्हणजे रिसीव्ह, मिळवलं म्हणजे ऑब्टेन, झालं म्हणजे बिकम, पोचलो म्हणजे अराइव्ह. लिहून झालं की सगळे गेट हुडकून काढा आणि प्रत्येकाचं पान आठवून शब्द बदला. बोलताना मात्र हे उलटं करू नका, मित्राला ‘आय रिसीव्ड अ जॉब’ कुणी सांगत नाही.

सराव

उत्तरं झाकून आधी स्वतः करा.

१. माझी बदली साताऱ्याला झाली.
२. स्टेशनवर उशिरा पोचलो आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस चुकली.
३. आईला सर्दी झालीय.
४. बहीण इंजिनिअर झाली.
५. मेकॅनिककडनं ब्रेक तपासून घेतले.
६. पन्हाळ्यावर पोचेपर्यंत अंधार पडला होता.

पहिलं: ‘आय गॉट ट्रान्सफर्ड टू सातारा’, बदली दुसऱ्यानं केली. दुसरं: ‘आय गॉट टू द स्टेशन लेट अँड मिस्ड द महालक्ष्मी एक्स्प्रेस’, इथं गॉट आणि लेट दोन्ही आहेत तरी बरोबर, कारण गॉटच्या पुढं स्टेशन आहे. तिसरं: ‘माय मदर हॅज गॉट अ कोल्ड’, नुसतं ‘हॅज’ पण चालेल, ‘अ’ मात्र हवाच. चौथं: ‘माय सिस्टर बिकेम ॲन इंजिनिअर’. पाचवं दोन्ही पद्धतीनं करून बघा, ‘गॉट द ब्रेक्स चेक्ड’ आणि ‘गॉट द मेकॅनिक टू चेक द ब्रेक्स’. सहावं: ‘बाय द टाइम वी गॉट टू पन्हाळा, इट हॅड गॉट डार्क’. एकाच वाक्यात दोन गॉट, एक पोचल्याचा, एक झाल्याचा. आणि मराठीत तर अंधार ‘पडतो’, तो होतही नाही आणि मिळतही नाही, तरी डार्क हा शब्द पुढं दिसला की ते वाक्य ‘झालं’च्या पानावर लिहा.